सातव्या ग्रीनवरची पावलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी माझ्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवतो. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती आणि मी नुकताच पाटी घेऊन बसायला लागलो होतो. चौथीची परीक्षा झाली आणि ती पुन्हा शाळेत गेली नाही. पावसाळ्यात ती आईबरोबर आमच्या आणि दुसऱ्यांच्या नाचणीत बेणणीला जायची. बेणणी म्हणजे पिकातलं तण उपटून काढणं. देशावर खुरपणी म्हणतात, आमच्याकडे बेणणी.

नाचणीतलं सगळ्यात खोटं तण म्हणजे राननाचणी. दिसायला हुबेहूब नाचणीसारखी. कोवळी असताना तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. माझी बहीण ती बोलता बोलता, मान दुसरीकडे वळवून, नुसत्या बोटांनी चाचपून काढायची. एकदा मी तिच्या ओळीत शिरलो आणि एका रोपाला हात घातला. तिने हातावर चापट मारली. म्हणाली, "तू नको. हाताला वास येतो. तालुक्याच्या शाळेतली पोरं हुंगतात."

त्या दिवसानंतर मी तणाला हात लावला नाही. तालुक्याच्या हायस्कुलात शिकलो, मग कृषी महाविद्यालयात गेलो, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. शेवटच्या वर्षाचा माझा खास विषय होता तणनियंत्रण. पदवी घेऊन घरी गेलो तेव्हा बहिणीने विचारलं, "कशात शिकलास?" मी म्हणालो, "तणात." ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. "म्हणजे मी तुला जेच्यापासून लांब ठेवलं, तेच्यातच जाऊन बसलास."

नोकरी लागली ती मुंबईत. नाहूर आणि मुलुंडच्या मध्ये, डोंगराच्या बाजूला एका कारखान्याची मोठी जमीन होती. तिच्या मागच्या अंगाला मालकांनी नऊ होलचं गोल्फचं मैदान करून ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं गेली होती. आसपास नवीन सोसायट्या उभ्या राहत होत्या. तिथल्या माणसांना भिंतीपलीकडे काय आहे याचा पत्ताही नव्हता. मलाही नव्हता. जाहिरातीत 'गवताची देखभाल करण्यासाठी कृषी पदवीधर पाहिजे' एवढंच होतं.

मुलाखत क्लबच्या सेक्रेटरींनी घेतली. ते कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेले मराठी गृहस्थ. अंगात पांढरा बुशशर्ट, बोलणं तडकफडक.

"हरळीबद्दल काय माहिती आहे तुला?"

हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी उभ्या उभ्या उत्तर म्हणून दाखवलं. हरळी हे बहुवर्षायू तण आहे, तिच्या कांड्या जमिनीत खोलवर पसरतात, उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या वेचाव्यात आणि जाळाव्यात.

सेक्रेटरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे बाबा, इथे नऊच्या नऊ ग्रीनवर हरळीच आहे. ती तू वेचून जाळलीस तर मला मेंबर लोक जाळतील."

ग्रीन म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. प्रत्येक होलच्या, म्हणजे खेळाच्या एकेका टप्प्याच्या, शेवटी एक गोलसर तुकडा असतो. तिथलं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की चेंडू हळूच ढकलला तरी कुठेही न अडखळता भोकापर्यंत जातो. मधे एखादं जाड पात्याचं दुसरं गवत उगवलं की चेंडू त्याला लागून वळतो. असं गवत येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. कॉलेजात जे तण होतं ते इथलं पीक निघालं, आणि इथलं तण कोणतं ते मला नव्याने शिकायला लागलं.

ते शिकायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच आठवड्यात मी गुडघ्यावर बसून पाहिलं तर ग्रीनवर सगळीकडे राननाचणी होती.

आठ ग्रीनवर. सातव्यावर नव्हती.

सातवं ग्रीन ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे मामा म्हणायचे. पन्नाशीचे, सुकड्या अंगाचे, आमच्याच बाजूचे मालवणी. वीस-बावीस वर्षं गिरणीत मागावर होते. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा भांडुपच्या डोंगरावरच्या शेजाऱ्याने त्यांना इथे चिकटवलं. अजून कायम झाले नव्हते. दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊ, असं सेक्रेटरींनी त्यांना सांगून ठेवलं होतं. कायम होणं ही गिरणी सुटलेल्या माणसाला किती मोठी गोष्ट असते, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

त्यांची काम करायची तऱ्हा अशी. ग्रीनच्या कडेला चपला काढायच्या. हरळी म्हणजेच गणपतीला वाहायच्या दूर्वा, म्हणून तिच्यावर चपलेने चालायचं नाही. मग एका टोकाला उकिडवं बसायचं आणि वीतभर वीतभर पुढे सरकायचं. हातात एक लोखंडी आकडी. ती त्यांनी गिरणीतून आणली होती. तिथे तिने ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ओढून घ्यायचे. इथे तीच आकडी राननाचणीच्या मुळाशी घालून एक हिसका द्यायचे. शेजारची हरळीची काडीही हलायची नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या ग्रीनवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या गमबुटांकडे पाहिलं.

"झिला, तुझा गाव खयचा?"

मी सांगितलं.

"मगे बूट काढ. आपल्या माणसाक सांगूक लागता काय?"

मी बूट काढले नाहीत. माझ्याबरोबर तेव्हा मैदानावर काम करणाऱ्या दोन बायका होत्या आणि त्यांच्यासमोर झिला म्हणवून घेणं मला लागलं. झिला म्हणजे पोरा. घरी मला सगळे तसंच हाक मारायचे. पण मी इथे पदवी घेऊन आलो होतो. संध्याकाळी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मामा, चारचौघांत मला साहेब म्हणत चला."

ते म्हणाले, "बरा. सायब तर सायब."

त्यानंतर त्यांनी मला एकदाही झिला म्हटलं नाही, आणि तेही मला लागलं.

पहिल्या वर्षी मी पुस्तकं वाचली. क्लबच्या कपाटात दोन-तीन अमेरिकन पुस्तकं होती. त्यात ग्रीनवरच्या तणासाठी औषधांची मोठी यादी होती. ती घेऊन मी दुकानं फिरलो. अर्ध्या औषधांची नावंही इथे कुणी ऐकली नव्हती. टू-फोर-डी मिळालं. त्याने रुंद पानांचं तण छान मेलं. पण टू-फोर-डी गवताला काही करत नाही, आणि राननाचणी गवतच. रुंद पानं गेल्यावर तिला जागा मोकळी झाली. आठही ग्रीनवर ती पहिल्यापेक्षा ऐसपैस बसली.

फवारणीच्या डब्याला सगळे औषधच म्हणायचे. मामा एकदा पंपाजवळून जाताना थांबले. "औषध कित्याक, सायब? कोण आजारी पडलो?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "साहेब, थोडं बाटलीत द्या ना. माझी सासू लय दिवस बरी आहे." मीही हसलो. पण रात्रभर मला मामांचाच आवाज ऐकू येत होता.

हेवा हा शब्द मी तेव्हा स्वतःजवळही उच्चारला नाही. मला वाटायचं की मला शास्त्राची काळजी आहे. एक माणूस दिवसभर उकिडवा बसून एक ग्रीन साफ ठेवतो, असं नऊ ग्रीनचं कसं चालणार? हा हिशेब बरोबरच होता. पण मेंबर लोक पाहुण्यांना घेऊन यायचे ते सातवं दाखवायला. एक वयस्क मेंबर सातव्यावर खेळून झालं की मामांना हात उंचावून सलाम करायचे. माझ्याजवळून जाताना विचारायचे, "बाकीच्यांचं असं कधी होणार?" सेक्रेटरी एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "तू जरा मामांकडे बसून बघ ना, ते कसं करतात." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. चार वर्षं मी बाकावर बसून शिकलो होतो. आता चौथी न झालेल्या माणसाशेजारी उकिडवं बसायचं?

आणखी एक गोष्ट होती. मामा राननाचणी बघत नसत. कुणाशी बोलत असले, डोंगराकडे बघत असले, तरी त्यांची बोटं बरोबर तिच्यावर जायची. हे मी आधी कुठे पाहिलंय, ते मला माहीत होतं. ते माझ्या घरचं होतं. माझ्या हातात यायला हवं होतं आणि आलं नव्हतं, आणि इथे एका परक्या माणसाच्या हातात मला ते रोज दिसत होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात ग्लायफोसेट मिळालं. हे औषध हिरवं दिसेल ते मारतं, हरळीसुद्धा. म्हणून ग्रीनवर ते फवारता येत नाही. पण ग्रीनच्या भोवती जी उंच गवताची कड असते तिथून राननाचणीचं बी ग्रीनवर पडतं. कडेवरची राननाचणी मारली तर ग्रीनवरची आपोआप कमी होईल, असं मी ठरवलं. सेक्रेटरींनी परवानगी दिली आणि एक नियम घातला. जिथे औषध मारशील तिथे लाल झेंडी लावायची, संध्याकाळपर्यंत काढायची नाही. कारण हे औषध ओलं असताना कुणी त्यातून चालत ग्रीनवर गेलं तर जिथे जिथे पाऊल पडेल तिथली हरळी मरेल. हे मीच त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं.

पाच ग्रीनच्या कडा मी झेंड्या लावून फवारल्या. मग सातव्याकडे वळलो. सातव्याला खरं म्हणजे गरज नव्हती. पण कड मी साफ केली असती तर पुढे सातवं चांगलं दिसलं की त्यात माझाही वाटा आहे असं मला म्हणता आलं असतं. एवढंच कारण होतं. आज लिहिताना ते लहान वाटतं. तेव्हा त्याच्यावर माझं सगळं अडलं होतं.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडीप होती. मामा त्या दिवसापासून रजेवर होते, संध्याकाळच्या गाडीने गावी जाणार होते. मी पहाटे उजाडता उजाडता सातव्याची पूर्वेकडची कड फवारली आणि बाहेरच्या बाजूला उतरलो. झेंडी माझ्या पिशवीत होती. लावली असती तर बायकांनी विचारलं असतं, मामांच्या ग्रीनला औषध कशाला? ते मामांच्या कानावर गेलं असतं आणि परत तोच विनोद झाला असता. मी झेंडी लावली नाही. मामा रजेवर आहेत, सातव्यावर दुसरं कुणी अनवाणी चालत नाही, असं मनाशी म्हणालो आणि पंप धुवायला गेलो.

अर्ध्या तासाने मामा आले. गावी न्यायला मैदानातल्या दूर्वा काढायला आले होते. कडेचं गवत कापत नाहीत, म्हणून तिथे दूर्वांना तीन पाती नीट मिळतात. हे सगळ्या मालवण्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी लहानपणी बहिणीबरोबर दूर्वा काढल्या आहेत. पण मला ते आठवलं नाही. मी पंपाजवळून त्यांना लांबून पाहिलं. हातात फडकं, खांद्याला पिशवी. चपला काढून ठेवत होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर झेंडी का नव्हती ते सांगावं लागलं असतं.

सहाव्या दिवशी सातव्यावर पिवळे डाग दिसले. आठव्या दिवशी ते तपकिरी झाले आणि त्यांना आकार आला. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. पूर्वेच्या कडेपासून सुरू होऊन ग्रीन ओलांडून पश्चिमेच्या कडेकडे गेलेली पावलं. पहिल्या तीन-चारांना पाचही बोटं मोजता येत होती, पुढची पुसट होत गेली होती. मी त्यांच्यावर पाणी मारलं, चिमूटभर युरिया टाकला. मेलेल्या गवतावर युरियाचा काही उपयोग होत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा गावाहून आले, आणि त्याच सकाळी सेक्रेटरींनी ती पावलं पाहिली. दसऱ्याला मालकांची स्पर्धा होती. त्याला चारच आठवडे उरले होते.

"झेंडी लावली होतीस ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मामा शेजारीच उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. मग आपला उजवा पाय उचलून एका तपकिरी पावलाच्या बाजूला, न टेकवता, धरला. "पाय माझेच," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी बुटांकडे बघत होतो.

"मामा, वाट लावलीत तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले. रागापेक्षा त्यांच्या आवाजात दुःखच जास्त होतं. "झेंडी दिसत असताना औषधातून चालत गेलात? आता मीटिंगमध्ये मी कोणत्या तोंडाने तुमचं नाव घेऊ?"

सातवं मामांकडून काढलं आणि मला दिलं. मामांना मैदानाच्या टोकाला, झुडपांतलं गवत विळ्याने कापायला पाठवलं. दसऱ्यानंतर येऊ नका, असं कुणी म्हणालं नव्हतं. पण सगळे तसंच समजून चालले होते.

मला जे हवं होतं ते मिळालं. नऊची नऊ ग्रीन माझी झाली. पहिल्या आठवड्यातच सातव्यावर राननाचणी उगवायला लागली. आता मी गुडघ्यावर बसलो, आकडीसारखी एक तार वाकवून घेतली आणि उपटायला गेलो. दहातली चार रोपं हरळीची निघाली. बायका माझ्या मागे बसून काम करायच्या. त्या आता माझ्याशी बोलत नव्हत्या. सासूचा विनोद करणारी एकदाच म्हणाली, "साहेब, ते असू द्या. ते गवत नाही, ते ग्रीन आहे."

पावलं बुजवायची होती. क्लबच्या मागे वाफ्यात हरळी राखलेली असते. तिथून मातीसकट तुकडे कापून आणायचे आणि मेलेल्या जागी बसवायचे. मी फुटपट्टीने आखून चौकोनी तुकडे कापले आणि पहिली चार पावलं बुजवली. लांबून पाहिलं तर जुन्या कापडाला ठिगळं लावल्यासारखी दिसत होती. वयस्क मेंबर आले, थांबले, काही न बोलता निघून गेले. तेवढ्यानेही मला मामांचाच हेवा वाटला. मामा असते तर मेंबर दोन शब्द बोलले असते.

दुपारी बायका जेवायला गेल्यावर मामा विळा हातात घेऊन आले. कडेला चपला काढल्या आणि माझ्या चौकोनांकडे बघत उभे राहिले.

"हे काढ. डोळ्याक खुपतत," ते म्हणाले. "पावलाच्या आकाराचेच तुकडे काप. वळणाक वळण मिळता. चौकोनाचो कोनो आधी दिसता."

मी चौकोन काढले. वाफ्याजवळ ते माझ्याबरोबर आले. विळ्याच्या टोकाने त्यांनी मातीवर आपलंच पाऊल काढलं, मग दुसरं, मग तिसरं. बोटांच्या जागी गोल करून घेतलं. मी ते तुकडे उचलून पाटीत ठेवत होतो. एक माणूस स्वतःची पावलं कापून माझ्या हातात देत होता, आणि मी ती घेत होतो.

ग्रीनवर बसवताना मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. बूट कडेला काढून ठेवले होते. एकेक तुकडा बसला की ते तळव्याने दाबायचे आणि कडेवर बारीक माती चोळायचे. पाचव्या पावलाला मला राहवलं नाही.

"मामा, त्या दिवशी झेंडी..."

"नव्हती, ता माका म्हायत आसा," ते म्हणाले. हात चालूच होता. "दवात पाय टाकलंय तो बुळबुळीत लागला. म्हटलंय, औषध मारलेला दिसता, झेंडी नाय म्हणजे जुनाच आसतला. म्हणान थयच्यो दूर्वा काढलंय नाय. चलत पलीकडे गेलंय, पलीकडच्यो काढलंय. गणपती काय आजारी नाय."

मी त्या पावलांच्या रांगेकडे पाहिलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे. ती ग्रीन ओलांडून का गेली, हे मी किंवा सेक्रेटरींनी एकदाही विचारलं नव्हतं. झेंडी असती तर पहिलं पाऊलच पडलं नसतं. सगळा पुरावा दोन आठवडे ग्रीनवर उघडा पडला होता.

"मग तुम्ही सेक्रेटरीसाहेबांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी पुढचा तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"तू सांगशीत म्हणान गप रवलंय."

कित्येक महिन्यांनी त्या दुपारी ते मला सायब न म्हणता तू म्हणत होते. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. इतकं सगळं कळूनही त्यांना गप्प बसता आलं, याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला, आणि तो हेवा आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. उरलेली पावलं आम्ही बसवली. शेवटचं बसवून झाल्यावर त्यांनी तिथेच उगवलेलं राननाचणीचं एक रोप आकडीने काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि ते कसं ओळखायचं ते एका वाक्यात सांगितलं. मग विळा घेऊन झुडपांकडे गेले.

पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त बहिणीला कळवलं. ते पत्र तिने पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं, परवा गावी गेलो तेव्हा मला परत मिळालं. ते जसंच्या तसं देतो.

ताई,

हे पत्र पोस्टमास्तरांकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश लागलं तरी तूच वाच. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की मला बढती मिळाली आणि नऊ ग्रीन माझ्याकडे आली. ते खरं होतं, पण ज्या कारणाने आली ते खोटं होतं. इथे आपल्या बाजूचे एक मामा आहेत. त्यांच्या जागेवर मी औषध मारलं आणि खुणेची झेंडी लावली नाही. नुकसान झालं तेव्हा लावली होती म्हणून सांगितलं. आळ त्यांच्यावर आला. ते गप्प राहिले. त्यांची नोकरी जाणार होती.

आज सकाळी मी साहेबांना जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, हे तू त्याच दिवशी बोलला असतास तर मी तुला ओरडलो असतो आणि विसरलो असतो. मामांना त्यांनी बोलावून माझ्यासमोर माफी मागितली आणि सातवं परत दिलं. त्यांचं नाव मीटिंगला जाणार आहे. माझं कायम होणं एक वर्ष पुढे ढकललं. औषधाच्या खोलीची किल्ली घेतली. मला मामांच्या हाताखाली सातव्यावर बसायला सांगितलं आहे, सहा महिने. तू हसशील. हस.

ताई, तू मला तणात हात घालू दिला नाहीस, त्यामुळे मी शिकलो. हे मी विसरलो नाही. पण मला त्या माणसाचा हेवा वाटला तो या एकाच गोष्टीमुळे, की तुला येतं ते त्यांना येतं आणि मला येत नाही. अजून वाटतो. आज साहेबांनी त्यांच्यासमोर हात जोडले तेव्हाही वाटला. जाईल असं मला वाटत नाही, पण आता तो मला ओळखू येतो.

आज दिवसभर बेणणी केली. हाताला वास येतो आहे. इथे कुणी हुंगत नाही.

तू नाचणीत न बघता राननाचणी कशी ओळखायचीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो. मामा म्हणतात, हिचो बुंधो पांढरो आणि चपटो, सुकलो तरी पांढरोच रवता. त्यांनी दिलेलं रोप पत्राच्या घडीत ठेवलं आहे. तुझ्या हाती पडेपर्यंत वाळलेलं असेल. बुंधा पांढरा राहिला आहे का, ते बघून कळव. राहिला नसेल तर तेही कळव. त्यांचं एखादं तरी चुकलेलं निघालं तर मला जरा बरं वाटेल.

तुझा,
धाकटा